वाणाच्या वाट्या

मातीकाम शिकायला जाते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन्ही हात पुढे करतो, हवेत काहीतरी गोल गोल घडवून दाखवतो आणि विचारतो, "म्हणजे हे?" हो, हेच. पण हे म्हणजे या सगळ्या कारभारातला अगदी थोडका भाग. एक वाटी चाकावर उचलायला मला आता पाच-सात मिनिटं लागतात, सरावलेल्या कुंभाराला एक मिनिटही लागत नाही. तीच वाटी ओल्या गोळ्यापासून ताटात मांडण्याजोगी व्हायला तीन-चार आठवडे जातात, आणि त्यांतले बरेचसे नुसते सुकण्यात. सुकवण्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही घडतच नाही. भांडं टिकणार की तडकणार, हे मात्र बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा पुढे काय काय करायचं याची यादी माझ्याकडे तयार होती आणि तीत मातीकाम कुठेच नव्हतं. पण बडोद्यात राहून मातीपासून लांब राहणं तसं कठीणच. सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 ची. ज्योत्स्ना भट्ट यांनी तिथे 2002 पर्यंत सिरॅमिक्स शिकवलं. मूळच्या त्या कच्छ-मांडवीच्या, शिकल्या इथेच आणि पुढे अमेरिकेत ब्रुकलिनला, आणि परत येऊन आयुष्यभर बडोद्यातच मातीत हात घालून बसल्या. त्यांनी केलेली मांजरं ज्याने बघितली आहेत त्याला ती पुन्हा ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. 2020 मध्ये त्या गेल्या. आज गावात कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या गच्चीवर जे लहान लहान स्टुडिओ दिसतात, त्यांतले बरेचसे चालवणारे फाइन आर्ट्सच्या भट्टीपाशीच तयार झालेले. दुसरीकडे फतेपुऱ्याच्या बाजूचा कुंभारवाडा. तिथली प्रजापती कुटुंबं माठ, कोडियां म्हणजे पणत्या, कुंड्या आणि नवरात्रातले गरबे, म्हणजे आत दिवा ठेवायचे भोकाभोकांचे घट, घडवत आली आहेत. रिक्षाने या दोन ठिकाणांमध्ये पंधरा-वीस मिनिटं लागतात. एरवी दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही.

मी नाव घातलं ते समा भागातल्या एका स्टुडिओत, 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर. शिकवणारी मुलगी माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. सगळे 'ताई' म्हणतात म्हणून मीही ताई म्हणते, ती मला काकू म्हणते, आणि दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काय करायचं मनात आहे?" मी म्हटलं, "हळदीकुंकवाचं वाण." तिला हे उत्तर अपेक्षित नसावं. आमच्याकडे दांडिया बाजारच्या घरी रथसप्तमीच्या आधी हळदीकुंकू असतं आणि पन्नासेक बायका येतात. प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या चिमुकल्या वाट्या, कापडी पिशव्या, सगळं लुटून झालंय. त्यामुळे या वर्षी स्वतः घडवलेली एकेक वाटी द्यायची, असं मी ठरवून टाकलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "अजून चाकाला हात लावला नाहीस आणि पन्नास वाट्या?" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, हे पुढचं त्या मनात म्हणाल्या असतील.

स्टुडिओतली माती म्हणजे शेतातली किंवा तळ्यातली माती नव्हे. तिची कृती असते. बॉल क्ले, चायना क्ले, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ठरावीक प्रमाणात मिसळायचे, पाण्यात भिजवून पातळ रबडी करायची, ती चाळणीतून गाळायची आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लाद्यांवर ओतायची. प्लास्टर पाणी ओढून घेतं आणि दोन-तीन दिवसांत हाताला न चिकटणारी माती तयार होते. बॉल क्लेमुळे तिला लवचीकपणा येतो, फेल्डस्पार उंच तापमानाला वितळून सगळं सांधतं, क्वार्ट्झ सांगाडा धरून ठेवतो. मग मळणं. जन्मभर कणीक मळलेली असल्यामुळे हे तरी जमेल असं मला वाटलं होतं, पण कणकेत आपण घडी घालून हवा कोंडतो आणि इथे ती एकेक करून बाहेर काढायची असते. मनगट तेच, सवय नेमकी उलटी. वीस मिनिटं मळल्यावर गोळा तारेने मधोमध कापून बघायचा. आत एकही छिद्र दिसायला नको.

आणखी एक नियम पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडला. तिथे झाडू मारायचा नाही. कधीच नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसायची. वाळलेल्या मातीची आणि ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, धूळ म्हणजे बारीक सिलिका, ती फुफ्फुसात जाऊन बसली की निघत नाही. ग्लेझची पावडर मोजताना तोंडाला मास्क लावल्याशिवाय ताई कोणाला डब्याला हात लावू देत नाहीत. घरी दोन वेळा केर काढणाऱ्या बाईला हे सुरुवातीला फार जड जातं.

चाकाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच सांगतात. गोळा चाकाच्या मध्यावर बसवायचा, तो तिथे हलेनासा झाला की अंगठ्याने भोक पाडायचं, तळ दाबून घट्ट करायचा आणि भिंत बोटांच्या चिमटीत वर ओढायची. मध्यावर बसवणं जमेपर्यंत बाकी काहीच जमत नाही, आणि ते एकदा जमलं की पुन्हा विसरत नाही. तळ दाबणं दिसायला किरकोळ, पण ते नीट झालं नाही तर वाळताना वाटीच्या बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. भिंतीतले मातीचे कण ओढताना दाबले जातात, मधल्या बुडातले तसेच सैल राहतात, म्हणून ती जागा जास्त आकसते.

आणि इथून पुढे सुकवण्याचं राज्य सुरू होतं.

ओल्या मातीत कणांच्या मध्ये पाणी असतं. ते उडालं की कण एकमेकांच्या जवळ सरकतात, म्हणजे भांडं लहान होतं. कण एकमेकांना टेकेपर्यंत हे आकसणं चालतं, त्यानंतर उरलेलं पाणी गेलं तरी आकारात फारसा फरक पडत नाही. धोका असतो तो पहिल्या टप्प्यात. काठ पातळ, तो आधी वाळतो. बूड जाड, ते मागे राहतं. काठ आकसून बसला आणि बूड अजून आकसायचंय, अशी ओढाताण झाली की चीर पडणारच. म्हणून सगळ्या भांड्याला एकाच वेगाने वाळायला लावायचं, एवढंच काम. एवढंच, पण त्यासाठी रोज येऊन बघावं लागतं. काठ हाताला लागण्याइतका टणक झाला की वाटी पालथी घालायची, म्हणजे बुडाला वारा लागतो. मग प्लॅस्टिक सैल झाकायचं. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला साठलेले थेंब पुसून ते उलटं टाकायचं. बोटाचा ठसा उमटत नाही पण नख रुततं, अशी अवस्था आली की चाकावर पालथी बसवून बुडाची जादा माती तासायची. ती वेळ चुकली की माती एकतर चिकटते, नाहीतर खरवडून निघते.

आणि पंखा बंद. बडोद्याच्या जूनमध्ये पंखा बंद! फिरत्या पंख्याचा वारा भांड्याच्या एकाच बाजूला लागतो आणि वाटी लंबगोल होते. आम्ही सगळ्या घामाने निथळत वाट्यांना वारा लागू नये म्हणून जपत बसायचो.

वाटी पूर्ण वाळली की नाही हे बघायची एक साधी रीत ताईंनी दाखवली. वाटी गालाला लावायची. गार लागली तर आत अजून पाणी आहे, कारण ते उडताना गारवा येतो. खोलीइतकीच कोमट लागली तर झाली. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने हे कळतं. भट्टी भरायच्या दिवशी स्टुडिओत चार बायका एकेक वाटी गालाला लावून उभ्या आहेत, हे दृश्य बाहेरच्या कुरियरवाल्याने एकदा बघितलं आणि पार्सल ठेवून तो काही न बोलता निघून गेला.

हवेचा बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं, असं जो तो सांगतो. बुडबुड्यात नुसती हवा असेल तर काही होत नाही. त्यात किंवा जाड भिंतीत ओल राहिली आणि तापमान भराभर 100 अंशांच्या पुढे गेलं, तर पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि ती भिंत उडवते. दोष ओलीचा, नाव हवेचं. म्हणून पहिल्या भाजणीत भट्टी रात्रभर शंभराच्या आतच ठेवतात.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकरांना तो तपशील सांगायला नको, समा, सयाजीगंज, अकोटा, कुठे कुठे पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. ताईंनी चाकांच्या मोटरी आणि ग्लेझच्या गोण्या वेळेवर माळ्यावर टाकल्या होत्या, पण खालच्या फळ्यांवरची भांडी तिथेच राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही साफसफाईला गेलो तेव्हा बघायला मिळालं ते कुठल्याच वर्गात शिकवता आलं नसतं. खालच्या दोन फळ्यांवर कच्ची भांडी होती. त्यांतली जी अर्धवट ओली होती, त्यांचा आकार कसाबसा ओळखू येत होता. जी पूर्ण वाळलेली, म्हणजे आमच्या हिशेबी सगळ्यात 'तयार', त्यांच्या जागी नुसता चिखलाचा थर होता. कोरडी माती पाणी अधाशासारखं पिते आणि विरघळून बसते, ओलसर माती दम धरते. त्याच फळीच्या कडेला पहिल्या भाजणीतून निघालेले काही मग होते. त्यांच्यात काठोकाठ गाळ भरलेला होता. नळाखाली धुतले आणि ते जसेच्या तसे निघाले. 500-600 अंशांच्या दरम्यान मातीच्या कणात रासायनिकरीत्या बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि ते एकदा गेलं की त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. पुस्तकात मी हे वाचलं होतं. फळीवर शेजारी शेजारी बघितलं तेव्हा ते खरं वाटलं.

चिखल परत का वापरायचा नाही, असं एकीने विचारलं. मातीच तर आहे. ताई म्हणाल्या, नदीच्या गाळाबरोबर चुन्याचे खडे आलेले असणार. भाजल्यावर त्या खड्याची चुनकळी होते, ती हवेतली ओल शोषून फुगते आणि कधीतरी महिन्याभराने चांगल्या वाटीच्या अंगातून टवका उडवते. सगळा चिखल फेकून दिला.

स्टुडिओ सुरू व्हायला वेळ लागणार होता. मधल्या काळात ताईंनी मला कुंभारवाड्यात पाठवलं. घटस्थापनेसाठी घट हवाच होता, शिवाय शेजारच्या पटेलबेनना गरबो आणायचा होता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, मी वाट्या करायला शिकते आहे आणि बघायला बसू का, असं सरळच विचारलं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी, सगळे त्यांना 'बा' म्हणतात, गोणपाट पसरून दिलं.

त्यांचा मुलगा विजेच्या चाकावर कोडियां काढत होता. चाकावर मोठा उंच ढीग, आणि त्याच्या टोकाशी एक कोडियुं काढून दोऱ्याने कापायचं, बाजूला ठेवायचं, लगेच पुढचं. आम्ही प्रत्येक वाटीसाठी वेगळा गोळा तोलून घेतो. ढिगावरून काढलेल्या भांड्याचा तळ नीट दाबता येत नाही, मग त्याची बुडं कशी तडकत नाहीत, हे मला कळेना. कारण त्याच्या मातीत होतं. तळ्याची माती, तीत वाळू आणि राख मिसळलेली. भरड कणांमुळे ती आमच्या मातीपेक्षा कमी आकसते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट देते. आमची गुळगुळीत महागडी माती या बाबतीत नाजूक.

गरबो चाकावर पूर्ण होत नाही. चाकावर जाड अंगाचं, तोकडं भांडं निघतं. ते थोडं टणक झालं की आतून दगडी गोळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापटणीने ठोकत ठोकत पोट फुगवायचं. माठही असेच होतात, म्हणून त्यांचं बूड गोल असतं. नंतर बा पुढ्यात घेऊन नळीच्या तुकड्याने भोकं पाडत होत्या. एक ओळ, तिच्या खाली मध्ये मध्ये दुसरी ओळ, कुठे आखणी नाही, खूण नाही. माती ओली असेल तर भोकाच्या कडेला पाकळी उभी राहते, फार वाळली असेल तर कपचा निघतो. म्हणून ज्यांची पाळी यायची होती त्या गरब्यांवर भिजवलेलं कंतान टाकलेलं होतं.

नवरात्र येतं पावसाळ्याच्या शेपटाला. म्हणजे गरबे घडवायचे ते ऐन पावसात, जेव्हा हवाच ओली असते आणि काही म्हणता काही वाळत नाही. त्या घरात माणसांना टेकायला जागा नव्हती. पलंगाखाली गरबे, जिन्याच्या पायऱ्यांवर गरबे, टीव्हीच्या कपाटावर कोडियां. ऊन पडलं तेव्हा मी विचारलं, आता बाहेर काढायचे का? बांनी मान हलवली. "छांयडे सूकवजो, बेन. तडके नहीं." सावलीत सुकवा, उन्हात नको. आणि मग, माझ्या वाट्यांबद्दल ऐकल्यावर, "उतावळ ना करो." दोन महिने ताई मला तेच सांगत होत्या, पण बांच्या घरात उन्हात ठेवण्याचा मोह किती मोठा असेल हे दिसत होतं. घटस्थापना कोणासाठी थांबत नाही.

त्यांच्या निंभाड्याला, म्हणजे उघड्यावरच्या भट्टीला, थर्मामीटर नाही. खाली जळण, त्यावर भांड्यांची रास, वर फुटक्या खापऱ्या आणि राख-मातीचा थर. सुरुवातीला नुसती धग. पांढरा धूर निघतो तोवर जाळ वाढवायचा नाही, कारण तो धूर म्हणजे उरलीसुरली ओल. तो थांबला की जळण वाढवायचं, मग फटीतून दिसणारा लालपणा बघायचा. आमची विजेवर अंश दाखवणारी पाटी आणि त्यांचा धूर, दोघं एकच गोष्ट सांगतात. मला विचाराल तर धुरावर विश्वास ठेवायला जास्त धीर लागतो.

वाट्या मी करायला घेतल्या त्या दिवाळीनंतर. प्रश्न फक्त वाटी करण्याचा नव्हता, पन्नास सारख्या करण्याचा होता. आमची माती ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत साधारण 12 टक्के आकसते. तयार वाटी 10 सेंटिमीटर रुंद हवी तर चाकावर ती 11.4 सेंटिमीटरची काढायला लागते. प्रत्येक गोळा 250 ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललेला. चाकाशेजारी लाकडी काडी अशी रोवलेली की वाटीचा काठ तिच्या टोकाला जेमतेम टेकला म्हणजे उंची आणि रुंदी बरोबर. तरीही पन्नास वाट्या एका ओळीत ठेवल्यावर त्या सख्ख्या बहिणींपेक्षा चुलत बहिणी दिसत होत्या. ताई म्हणाल्या, "साच्यातलं हवं असेल तर मोरबीला जा, कारखान्यांत." मग मी जुळवाजुळवीचा नाद सोडला.

थंडीत बडोद्याची हवा कोरडी होते आणि उत्तरेचा वारा सुटतो. पावसाळ्यात प्लॅस्टिक उघडं ठेवायचो, आता घट्ट बांधायला लागलं. खिडकीकडची रांग आणि भिंतीकडची रांग रोज अदलाबदल. पहिल्या भाजणीला, म्हणजे बिस्किटाला, वाट्या एकीत एक घालून रचता येतात, कारण अजून ग्लेझ नसतं आणि चिकटण्याची भीती नसते. 950 अंशांपर्यंत चढवायचं, पण 573 च्या आसपास हात आखडता घ्यायचा. त्या तापमानाला क्वार्ट्झचे कण एकदम फुगतात, आणि उतरताना तिथेच एकदम आकसतात. भट्टी गार होण्याआधी दार उघडायचं नाही ते यासाठीच. दोन वाट्या तडकल्या. पन्नासला दोन म्हणजे काहीच नाही, असं सगळ्यांनी सांगितलं.

ग्लेझ म्हणजे काच, पण उभ्या भिंतीवरून ओघळू न देता धरून ठेवलेली काच. सिलिकाची काच होते, फेल्डस्पार आणि चुनखडी तिला लवकर वितळवतात, मातीतली ॲल्युमिना तिला घट्ट ठेवते. मला सेलाडॉन नावाचं फिकट हिरवं ग्लेझ हवं होतं. त्यात लोह ऑक्साइड अगदी थोडं, एक-दोन टक्के, आणि बादलीत ते मळकट गुलाबी दिसतं. हिरवा रंग बादलीत नसतोच, तो भट्टीत होतो. वाटी बादलीत बुडवायची आणि मनात दोन-तीन आकडे म्हणेपर्यंत बाहेर. बिस्किट झालेली माती पाणी शोषते आणि ग्लेझचा थर अंगाला बसतो. आकडे जास्त म्हटले तर थर जाड बसतो आणि ओघळतो. मग बूड स्पंजने स्वच्छ पुसायचं, नाहीतर वाटी भट्टीच्या फळीला कायमची चिकटते. या वेळी एकही वाटी दुसरीला टेकता कामा नये, म्हणून जिथे बिस्किटात सगळ्या एका फेरीत मावल्या तिथे आता दोन फेऱ्या कराव्या लागल्या.

गॅसच्या भट्टीचा दिवस पहाटे सुरू होतो आणि रात्री संपतो. हजार अंशांच्या आसपास धुराडं थोडं बंद करून हवा कमी करायची. भट्टीच्या आत जाळाला प्राणवायू अपुरा पडला की तो मातीतल्या आणि ग्लेझमधल्या लोहाकडून ओढून घेतो. सेलाडॉन हिरवं होतं ते यामुळे. बघायच्या छिद्रातून जीभ काढल्यासारखी ज्वाळा बाहेर येते. आत तीन शंकू ओळीने उभे असतात, ते ठरावीक उष्णता झाली की एकेक करून वाकतात. मधला वाकला की झालं, साधारण 1280 अंश.

आणि याच वेळी बाहेर सिलिंडरवर बर्फ साठत होता. खोटं नाही सांगत. गॅस भराभर खेचला की आतला द्रव उडताना सिलिंडर गारठतो, दाब कमी होतो आणि ज्वाळा बसायला लागते. म्हणून सिलिंडर पाण्याच्या टबात उभे करतात. भिंतीच्या आत 1280, बाहेर हात लावला तर बोट चिकटेल इतका गारठा, मध्ये आम्ही स्वेटर घालून चहा पीत. पुढचे दोन दिवस दार उघडायचं नाही, आणि ताई किल्ली स्वतःजवळ ठेवतात, विशेषतः माझ्यासारख्यांपासून.

रंग सगळ्या वाट्यांना सारखा आला नाही. खालच्या फळीवरच्या वाट्या निळसर-हिरव्या, वरच्या एका कोपऱ्यातल्या गवती पिवळ्या, कारण तिथे हवा जास्त पोचली. मला पिवळ्याच जास्त आवडल्या, पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आधी हिरव्या उचलल्या. वाण हातात घेताच बहुतेकींनी वाटी उलटी करून बूड बघितलं, ही मला गंमत वाटली. मग "मायक्रोवेव्हला चालते का?" आणि "केवढ्याला पडली?" चालते. आणि केवढ्याला ते खरं सांगितलं तर कोणी वाण घेणार नाही. माती त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट, पैसे गॅसचे आणि वेळेचे. बाजारात अशा एका वाटीला लोक जो भाव देतात, त्या भावात कुंभारवाड्यात मोठा माठ मिळतो आणि तिथेही घासाघीस होते. हे मला पटत नाही. माठाच्या अंगात थापटणीचे जे शेकडो ठोके असतात, त्यांतला एक जरी जास्त जोरात पडला तरी भिंत फाटते. तसा हात मला या जन्मी येणार नाही.

एक वाटी मी बांना नेऊन दिली. त्यांनी ती नखाने वाजवली, कानाशी धरली, आवाज आवडला असावा. मग ओली बोटं आतून फिरवून म्हणाल्या, पाणी जर अंगात शिरतच नाही, तर गार कसं राहणार? बरोबरच होतं. ही माती पार वितळून घट्ट झालेली, तिला छिद्रंच नाहीत. मी सांगितलं, ही ताकाची, पाण्याची नव्हे. मग ठीक आहे, म्हणाल्या, आणि वाटी देवापाशी कुंकवासाठी ठेवली.

जाऊबाईंना आता पुढच्या संक्रांतीला काळी सुगडं हवी आहेत, बाजारातली रंगवलेली नव्हे, भट्टीतच काळी झालेली. ते होतं. भाजणीच्या शेवटी निंभाडा सगळीकडून माती-राखेने बुजवून धूर आत कोंडला की लाल माती काळी पडते. पण त्यासाठी वेगळी रास लावावी लागेल आणि निदान दोन-चार घरांची सुगडं एकत्र हवीत, असं बांच्या मुलाने सांगितलं. सांगायचं ते देवदिवाळी, इकडे ती कार्तिकी पौर्णिमेला असते, झाल्यावर. त्याआधी गरबे आणि कोडियां असतात, तेव्हा तो कोणाचंच ऐकून घेत नाही. ज्यांना हवी असतील त्यांनी मला कार्तिकातच कळवा.